आतून कडी

बारा खोल्या बांधून तयार होत्या आणि त्यांत कुणी राहत नव्हतं, कारण फीत कापायची राहिली होती.

जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या पाठीमागे, बेघरांच्या निवाऱ्याची इमारत आहे. पुरुषांचा मोठा हॉल आणि बायकांचा लहान हॉल, असं तिथं वर्षानुवर्षं चाललेलं. मग सरकारला सुचलं, आणि खरं सांगायचं तर चांगलंच सुचलं, की रात्रीपुरती सतरंजी देऊन माणूस रस्त्यावरून उठत नाही. ज्याने पाच-दहा वर्षं उघड्यावर काढली त्याला आधी खोली द्यावी, हक्काची. औषधपाणी, कागदपत्रं, व्यसन, डोक्याचे आजार, हे सगळं तो खोलीत टेकल्यावर पाहता येतं. योजना निघाली, निधी आला, चालवायला एक संस्था नेमली गेली. पहिल्या टप्प्यात बारा एकट्या बायका घ्यायच्या ठरल्या. त्यासाठी बायकांचा लहान हॉल पाडला आणि त्याच जागी बारा खोल्या काढल्या. प्रत्येकीत लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट, मोरी, पंखा, आणि दाराला आतून कडी.

हॉल पाडल्यावर त्यात झोपणाऱ्या बायकांनी कुठं जायचं, याचंही उत्तर कागदावर होतं. कारखान्यांच्या बाजूला आठ किलोमीटरवर पत्र्याची एक शेड त्यांच्यासाठी दाखवली होती. जी बाई एकदा तिथं जाऊन आली ती दुसऱ्यांदा गेली नाही.

चाव्यांचं जुडगं नंदाबाईच्या कमरेला असायचं. नंदाबाई निवाऱ्याची केअरटेकर. घनसावंगीकडची, बावन्न वर्षांची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. फाटकाजवळची आठ बाय आठची खोली तिला नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी गेली की ती खोली जाणार आणि नंदाबाईला स्वतःच निवाऱ्यात अर्ज करावा लागणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाई चांगली होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं ते विसरायला होईल.

बारा जणींच्या यादीत उषाबाईचं नाव नंदाबाईनेच घातलं होतं. उषाबाई आष्टीजवळच्या एका वाडीवरची. नवरा मेल्यावर दिराने वर्षभरात घराबाहेर काढली, ती अकरा वर्षांपूर्वी जालन्याला आली आणि चांदमल कापडवाल्यांच्या दुकानाच्या ओट्यावर स्थिरावली. दिवसा आडतीवर धान्य निवडायची, दुकानं बंद झाली की ओटा तिचा. थंडीपावसात हॉलमध्ये यायची, एरवी ओटाच.

अकरा वर्षं एक बाई उघड्यावर झोपते आणि तिच्या वाटेला कुणी जात नाही, हे काही लोकांच्या चांगुलपणामुळे घडत नाही. उषाबाईने त्याची तजवीज केलेली होती. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उशाशी पुरुषाच्या वहाणांचा एक जोड, ओट्याच्या खुंटीला पुरुषाचा एक सदरा. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "मालक कंपनीत हायेत. रातपाळी हाये त्यांची, येतेत आता." मालक अकरा वर्षं येतच होते. रिक्षावाले, हमाल, दारूच्या गुत्त्यावरून परतणारे, सगळे त्या वहाणांकडे बघून पुढं जायचे. सदरा मळला की उषाबाई तो धुवायची, कारण जिवंत माणसाचा सदरा धुवावा लागतो.

खरं काय ते फक्त नंदाबाईला माहीत होतं. एका पावसाळ्यात तापाने फणफणली असताना उषाबाईने तिला सांगितलं होतं. अर्जावर नंदाबाईने बरोबर लिहिलंही, "विधवा, एकटी, बेघर वर्षे अकरा." चुकलं ते फोटोत.

फोटोच्या दिवशी नंदाबाईने उषाबाईला न्हाऊ घातलं, स्वतःचं एक बरं लुगडं नेसवलं, केसांना तेल लावून विंचरलं, आणि मग डबीतलं कुंकू घेऊन तिच्या कपाळावर ठसठशीत टेकवलं. मंगळसूत्र नीट दिसेल असं पदरावर ओढून घेतलं. गेल्या वीस वर्षांत नंदाबाईला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, कुणाच्या कपाळाला बोट लावू दिलं नव्हतं. नव्या घराचा फोटो आहे, बाईचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. अर्जावर आपण काय लिहिलंय याचा आणि या कुंकवाचा काही संबंध असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. फोटो इतका छान आला की उषाबाई तो पुन्हा पुन्हा मागून बघत होती.

महिन्याभराने हरिओम साहेबांनी नंदाबाईला ऑफिसात बोलावलं. हरिओम हे संस्थेचे प्रकल्प अधिकारी, तिशीतले, परतूरचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"हे काय करून ठेवलंय, मावशी?" त्यांनी कागद पुढं सरकवला. "कागदावर विधवा, फोटोत सवाष्ण. वरून शेरा आला. बोगस लाभार्थी म्हणून नाव कापून राह्यले."

नंदाबाईने सगळं सांगितलं. वहाणा, सदरा, रातपाळी. हरिओम ऐकत राहिले, एकदोनदा मान हलवली.

"मला पटतंय. पण माझ्या पटण्यावर खोली मिळत न्हाई. नवा फोटो दे, साधा. आणि पडताळणीचं पथक येईल, ते सांगून येत न्हाई. त्या दिवशी तिच्या गळ्यात काही दिसलं, न्हाई तर कुण्या बाप्याचे कपडे दिसले, तर मंग मी काहीच करू शकत न्हाई."

नंदाबाई तशीच ओट्यावर गेली. संध्याकाळची वेळ, उषाबाई पाय पसरून तुरी निवडून थकलेली बोटं चोळत बसली होती. ऐकून घेतल्यावर तिने गळ्यातले मणी मुठीत धरले.

"मंगळसूत्र काढायचं," ती म्हणाली.

"आठ-पंधरा दिवसाचा तर सवाल हाये."

"आणि वहाणा?"

"वहाणा बी. सदरा बी."

"नंदे, तुला फाटक हाये. मला काय हाये?"

"म्हणून तर खोली पायजे ना तुला! आतून कडी असलेली."

"मंग आधी कडी दाखव," उषाबाई म्हणाली.

नंदाबाईने दाखवली. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगारी जेवायला गेले तेव्हा तिने सात नंबरची खोली उघडली. तेव्हा दारांना अजून काही चिकटवलेलं नव्हतं. उषाबाई आत गेली, खाटेकडे पाहिलं नाही, पंख्याकडे पाहिलं नाही, दार लोटून घेतलं आणि कडी घातली. नंदाबाई बाहेर उभी. आतून कडी काढल्याचा आवाज आला, पुन्हा घातल्याचा, पुन्हा काढल्याचा. असं सहा-सात वेळा झालं. मग बराच वेळ कडी लागलेलीच राहिली आणि आत सामसूम. नंदाबाईने हाक मारली तेव्हा उषाबाई बाहेर आली. तिने गळ्यातून मंगळसूत्र काढलं, नंदाबाईच्या हातात ठेवलं आणि पदराने कपाळ पुसलं.

"तुह्या भरवशावर," ती म्हणाली.

पथक पाचव्या दिवशी आलं. तीन माणसं, एक जाडजूड फाइल. वहाणा-सदरा गाठोड्यात बांधून उषाबाई ओट्यावर उघड्या गळ्याने उभी राहिली, विचारलं तेवढं बोलली. सगळं सुरळीत चाललं होतं. पण पथकाला शेजाऱ्यांचा जबाबही घ्यायचा असतो, आणि शेजारी म्हणजे लाडबाई.

लाडबाई ही चांदमलशेठची बायको. दुपारी शेठ जेवून आडवे झाले की गल्ल्यावर तीच बसायची. अकरा वर्षं रोज एक पोळी आणि वाटीभर भाजी उषाबाईला देणारी हीच. गळ्यात मंगळसूत्र नाही, कपाळ कोरं, हे लाडबाईने चार दिवसांपासून पाहिलं होतं आणि चोरीला गेलं असेल असं समजून ती हळहळत होती. आता सरकारी माणसं आलेली पाहून तिला वाटलं, बिचारीची चौकशी लागली आहे, एकटीदुकटी बाई म्हणून काही वाईटसाईट बोलतील. ती गल्ल्यावरून उठून पुढं आली.

"साहेब, एकदम चांगल्या घरची बाई हाये," ती ठासून म्हणाली. "हिचा माणूस कंपनीत जातो, रात्रीचा. अकरा साल झाले, मी रोज बघते. बिलकुल शक घेऊ नका."

पथकातल्या साहेबांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. लाडबाईने खाली सही केली, मोठ्या अक्षरांत. पथक गेल्यावर उषाबाईकडे पाहून म्हणाली, "मी सांगितलं बराबर. तू काळजी नको करू."

उषाबाईला रडावं की हसावं कळेना. सख्ख्या आईने केलं नसतं एवढं त्या बाईने प्रेमाने केलं होतं, आणि त्याने तिची खोली गेली होती.

ते निस्तरायला नंदाबाईच दुकानात गेली. वेळही अशी गाठली, की सणावाराच्या खरेदीचे दिवस, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, बाहेर हातगाड्या लागलेल्या. लाडबाईला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. नंदाबाईने हळू आवाजातच सुरुवात केली, पण लाडबाईचा आवाज काही हळू येईना.

"म्हणजे माणूस नाहीच?" ती मोठ्यांदा म्हणाली. "मेला? अकरा साल झाले मेला? आणि ते सदरा-वहाणा कुणाचे मग? सगळं झूठ?"

तिला खरोखरच लागलं होतं. अकरा वर्षं वाढलेल्या पोळीची आठवण झाली असेल. पण तिथंच उभ्या चार हमालांनी ऐकलं, दोन रिक्षावाल्यांनी ऐकलं, कापड फाडणाऱ्या नोकरांनी ऐकलं. लाडबाई मनाने उदार, तिने त्याच संध्याकाळी नवा जबाब लिहून दिला की बाई विधवा असून तिला कोणीही नाही. त्या जबाबाची किंमत कार्यालयात एका खोलीएवढी होती. गल्लीत त्याची किंमत वेगळी होती, आणि ती कुणी विचारात घेतली नाही. आठ दिवसांत जुन्या जालन्यातल्या प्रत्येक टपरीवर कळलं की कापडवाल्याच्या ओट्यावरच्या बाईला मालक वगैरे कुणी नाही. आता मंगळसूत्र परत घातलं असतं तरी ते नुसते काळे मणी राहिले असते.

पण नाव मंजूर झालं. निवाऱ्याच्या भिंतीवर यादी लागली. सात नंबर, उषाबाई. नंदाबाईने बोट ठेवून तिला दाखवलं. अक्षरओळख नव्हती, पण उषाबाई त्या ओळीवर हात फिरवत राहिली. नंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं आपण आयुष्यात एक तरी धड काम केलं.

मग फीत आडवी आली.

उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. त्यांची तारीख मिळाली, मंडप सांगितला, पाहुण्यांना दुसरीकडे जावं लागलं. दुसरी तारीख मिळाली, त्या दिवशी कुणीतरी वारलं. तिसरी तारीख मिळायची होती. तोवर बाराही दारांना हरिओम साहेबांच्या सहीच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या गेल्या, आणि आत नव्या खाटांवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलं नाही. सरकारचा पैसा लागलेला, वस्तू नवी दिसली पाहिजे. एप्रिल गेला, मे लागला. बारा पंखे थांबलेले, बारा कड्या उघड्या, आणि त्या ज्यांच्यासाठी घडवल्या त्या बाया शहरभर ओट्यांवर.

एका संध्याकाळी उषाबाई फाटकाशी आली. तिचं गाठोडं बरोबर होतं.

"परवा एकजण येऊन बसला," ती म्हणाली. "ओट्याच्या पायरीवर. बोलला न्हाई, काही केलं न्हाई. नुसता बसून राह्यला. काल दोघं आल्ते."

नंदाबाईने तिला आत घेतलं. आपल्याच खोलीत, खाटेच्या बाजूला सतरंजी टाकली. दोन रात्री उषाबाई तिथं झोपली, आणि अशी झोपली की दुसऱ्या दिवशी आडतीवर जायला उशीर झाला. तिसऱ्या दिवशी हरिओम साहेबांचा फोन आला. फाटकावर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यातलं त्यांना मोबाइलवर दिसायचं.

"मावशी, स्टाफच्या खोलीत लाभार्थी? उद्या अकराजणी येऊन म्हणतील आम्हाला बी घ्या. काय सांगशील?" मग जरा थांबून, "मी वर कळवलं न्हाई. पण तुझ्या जागी दुसरी बाई द्या असं आधीच म्हणून राह्यले तिकडं. मला तिसऱ्यांदा दिसायला नको."

त्या संध्याकाळी उषाबाई आली तेव्हा नंदाबाई फाटकाच्या आत उभी होती आणि फाटक लावलेलं होतं. अजून उजेड होता. मंडईतून परतणाऱ्या बायका रस्त्याने चालल्या होत्या.

"तुह्या खोलीत न्हाई येत," उषाबाई म्हणाली. तिला सांगावं लागलंच नाही, तोंड बघूनच ती समजली. "सात नंबर उघड. मागच्या बोळीतून येते, तिथं कॅमेरा न्हाई. दिवा लावत न्हाई, पंखा लावत न्हाई. खाली फरशीवर पडते. कोंबडं आरवायच्या आत निघून जाते."

"पट्टी हाये गं दारावर. साहेबाची सही हाये तिच्यावर. फाटली तर लगेच कळतं."

"खोली माहीच हाये ना?"

"तुहीच हाये."

"यादीत हाये ना?"

"हाये की. पण उद्घाटन होऊ दे."

उषाबाई फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. "नंदे, ते येऊन बसतेत गं."

नंदाबाईला पट्टी दिसत होती. ती फाटलेली, हरिओम साहेब वाकून बघताहेत, आणि आपण ट्रंक घेऊन घनसावंगीच्या जीपमध्ये बसतोय, भावाच्या दारात उतरतोय, भावजय आत निघून जातेय. हे सगळं तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की समोर गज धरलेली बाई तिला नीट दिसलीच नाही. कुणालाही असंच दिसतं. त्याने काही माफ होत नाही.

"येत्या रविवारी नक्की हाये म्हणतेत," ती म्हणाली. "पाच दिवस. पाच दिवस कसेतरी काढ. लाडबाईला विचार, दुकानाच्या आत झोपू देती का."

"विचारलं. शेठ न्हाई म्हणले. आत माल हाये." उषाबाईने गाठोडं उचललं. मंडईच्या बायकांमागून ती रस्त्याला लागली. नंदाबाईने लुगड्यावरून कमरेचं जुडगं चाचपलं, ते जागेवर होतं, आणि ती भात टाकायला आत गेली.

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी, दुकान उघडायला आलेली लाडबाई धापा टाकत निवाऱ्यावर आली. तिच्या पायात चपला नव्हत्या. उषाबाई ओट्यावर नाही, मागच्या गोदामाच्या बोळीत सापडली, आणि रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलंय, एवढं तिला सांगता आलं. मग ती फाटकाशीच खाली बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली. "मीच बोलले," ती म्हणत होती, "मीच सगळ्यांसमोर बोलले." नंदाबाईने तिला पाणी दिलं. दोघींपैकी कुणी कुणाचं समाधान करण्यात अर्थ नव्हता.

दवाखान्यात उषाबाईचा डावा डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता, आणि हाताच्या मनगटांवर काळेनिळे वळ होते. बाकीचं डॉक्टरणीने बाहेर नेऊन सांगितलं. पोलीस जबाब घेऊन गेले होते. दोघं होते, एवढंच उषाबाई सांगू शकली होती. नंदाबाई खाटेजवळ उभी राहिली तेव्हा उषाबाईने उघडा डोळा तिच्याकडे वळवला.

"रविवार झाला का?" तिने विचारलं.

"न्हाई. बुधवार हाये."

उषाबाईने मान फिरवली.

रविवारी खरंच कार्यक्रम झाला. मंडप लागला, लाल फीत लागली, फलक लागला, त्यावर सगळ्यांची नावं आली. पाहुण्यांच्या हस्ते प्रत्येक बाईला पुठ्ठ्याची सोनेरी मोठी चावी द्यायची होती, फोटोसाठी. बारा चाव्या टेबलावर मांडल्या होत्या. हरिओम साहेब घाईघाईने नंदाबाईकडे आले. दोन रात्री झोपले नसावेत, चेहरा उतरलेला.

"मावशी, सातव्या चावीला तू उभी राह्य."

"मी?"

"अकराच बायका दिसल्या तर विचारतील बारावी कुठं. मंग सांगायचं का कुठं? अन् का, ते बी सांगायचं?" त्यांनी पट्ट्या लावलेल्या दारांकडे हात केला. "दोन महिने खोल्या कुलपात होत्या हे मला माहीत न्हाई का? मी चार पत्रं लिहिली, मावशी. ताबा आधी देऊ, फीत मागून कापू. कुणी उत्तर दिलं न्हाई. आता आज हे बंद पडलं तर पुढच्या टप्प्याचा निधी जाईल. अजून चाळीस बाया हायेत यादीत."

चाळीस बायांचं खरं होतं. म्हणूनच नंदाबाईला नाही म्हणता आलं नाही, किंवा तिने तसं स्वतःला सांगितलं. ती रांगेत सातवी उभी राहिली. कपाळ कोरं, गळा मोकळा. योजनेला हवी होती अगदी तशी बाई. नाव पुकारलं गेलं, "उषाबाई," आणि नंदाबाई पुढं झाली. पाहुण्यांनी तिच्या हातात सोनेरी पुठ्ठा दिला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग खरोखरच्या आपुलकीने तिच्याकडे वाकून म्हणाले, "ताई, आता निर्धास्त झोपा."

नंदाबाईने मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की पुठ्ठा तिथंच टाकून पळत सुटावं, पण मागून आठवी बाई पुढं ढकलत होती, आणि ती बाजूला झाली.

पाहुणे गेले. दारांवरच्या पट्ट्या हरिओम साहेबांनी स्वतःच्या हाताने काढल्या. अकरा बायका आपापल्या खोलीत शिरल्या, आणि एकामागून एक अकरा कड्या आतून लागल्या. ऐन दुपार होती, बाहेर जेवणाची पंगत मांडलेली होती, तरी लागल्या. कितीतरी वेळ एकही बाई जेवायला बाहेर आली नाही.

नंदाबाईने जुडग्यातून सात नंबरची चावी सोडवली आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. उषाबाई भिंतीला टेकून बसली होती. सूज उतरली होती, डोळा थोडा उघडला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईने दिलेला चहा तिने तसाच गार होऊ दिला होता.

"झालं उद्घाटन," नंदाबाई म्हणाली. "सात नंबर तुहा झाला आता. कागदावर न्हाई, खराखुरा. डॉक्टरीण म्हणली मंगळवारी सोडतेत, म्या येते न्यायला. ही घे चावी."

उषाबाईने चावीकडे पाहिलं.

"माह्या जागी कोण उभं केलं?"

नंदाबाईने खोटं बोलायचं ठरवलं होतं. रिक्षात तिने ते जुळवूनसुद्धा ठेवलं होतं. "मी," ती म्हणाली.

"टाळ्या वाजवल्या का लोकायनं?"

"वाजवल्या."

उषाबाईने होकारार्थी मान हलवली, जसं काही हिशेबात बरोबर बसलं. नंदाबाईने चावी तिच्या मांडीवर ठेवली. ती रडायला लागली, आणि रडत रडत म्हणाली की म्या चुकले, मला माफ कर, नोकरीला भ्याले, पट्टीला भ्याले, तू गजाला धरून उभी व्हतीस अन् मला तू दिसली न्हाईस. ती बरंच काही म्हणाली. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघायला लागले.

उषाबाईने तिला पुरतं बोलू दिलं. मग मांडीवरची चावी उचलली, नंदाबाईची मूठ उघडली, चावी तिच्यात ठेवली आणि मूठ मिटवली.

"तुह्यापाशीच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुला चाव्या लई चांगल्या सांभाळता येतेत."

ती आडवी झाली आणि तोंडावर पदर घेतला.  नंदाबाईने कमरेचं जुडगं काढलं आणि सात नंबरची चावी सहा आणि आठच्या मध्ये, आपल्या जागी, नीट घालून ठेवली.